मधोमध कापलेला पट्टा

गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता मार्लीझ पितेने एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा सोन्याचा पट्टा त्याच्या डोळ्यांदेखत मधोमध कापला.

गिऱ्हाईक म्हणजे न्यों गावचे दातांचे डॉक्टर बोवे. ते पट्टा कापून घ्यायलाच आले होते, ही यातली गंमत. वय झालं, मनगट बारीक झालं, घड्याळ कोपराकडे घसरायला लागलं. तेव्हा टोकाकडून बोटभर कमी करून द्या, एवढंच त्यांचं मागणं. जाळीचा पट्टा आखूड करायचा तर कातरीवाचून गत्यंतर नसतं. घड्याळ त्यांच्या वडिलांचं, चाळीस वर्षांपूर्वीचं, नाण्यासारखं पातळ. पट्टा मात्र तीन वर्षांपूर्वी इथेच, सें-झर्व्हे वस्तीतल्या या पाचव्या मजल्यावर करून घेतलेला.

मार्लीझने पट्टा सोडवला आणि सवयीने एका टोकाला धरून तळहातावर उतरवला. हातविणीचा पट्टा दोऱ्यासारखा गोळा होऊन बसतो. हाही बसला. मग तिने भिंग लावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. मागच्या बाजूला शिक्का होता, या दुकानाचाच. जाळीत मात्र चूक सापडेना. एकही वेटोळं सैल नाही, एकही घट्ट नाही. आठवड्यापूर्वी भागीदार युलिसच्या खणात चिमटा शोधताना हाताला लागलेली यंत्राच्या जाळीची पट्टी तिला आठवली. तळपायाची आग मस्तकात गेली आणि कातर चालली.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "मी टोकाकडून म्हणालो होतो."

तिने त्यांना बसवून सांगितलं, की हा माल हातचा नाही. यंत्रावर विणलेली जाळी आहे, मीटरवर विकत मिळते, तिच्यावर आमचा शिक्का असायला नको होता. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मनगटावर काय फरक पडला असता, असं त्यांनी विचारलं. काहीच नाही, हे तिला कबूल करावं लागलं. मग तो मला हवा होता, ते म्हणाले, मला आवडायचा तो. त्यांनी घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि सोमवारी अकराला अखंड पट्टा न्यायला येतो असं सांगून जिना उतरले. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. फसवला गेलेला माणूस फसवणुकीवर खूश असेल तर दाद मागायची कोणाकडे?

युलिस जाको दहा वाजता पाव आणि चीज घेऊन आला. घड्याळांत बॅटऱ्या आल्या आणि शहरातले एकेक जाळीवाले बंद पडत गेले, तेव्हा हे दोघे एकाच उस्तादाकडचे उरलेले कारागीर एकत्र आले. त्याला सव्वीस वर्षं झाली. एकच खिडकी, समोरासमोरची दोन टेबलं, एकच शिक्का. सुरुवातीला एका जवाहिऱ्याने 'बाईंच्या हातचाच द्या' असा हट्ट धरला होता. त्या दिवशी दोघांनी ठरवलं, की पट्टा दुकानाचा. कोणी विणला हे गिऱ्हाइकाने विचारायचं नाही आणि एकमेकांनीही नाही. हा नियम आजवर मोडला नव्हता.

मार्लीझने दोन तुकडे त्याच्यासमोर ठेवले.

"हा कोणी विणला?"

युलिसने आधी पाव कापला. "शिक्का आपला आहे ना? मग आपण विणला."

"मी नाही विणला."

"मग मी विणला."

"हाताने?"

त्याने सुरी खाली ठेवली. मार्लीझने त्याचा खण ओढून ती पट्टी टेबलावर टाकली. फोर्त्सहाइमच्या जाळी-कारखान्याचा कोणी विक्रेता नमुना ठेवून गेला होता, युलिस म्हणाला, बघायला म्हणून ठेवून घेतला.

"शेजारी काय शिजतंय त्याचा वासही घ्यायचा नाही का?"

"वास घेतलास, की ताट वाढून घेतलंस?"

त्यावर तो हसला, आणि तिला ते हसणं सहन झालं नाही. शहरातल्या चकचकीत काचांच्या दुकानांत 'हातविणीचे' अशी पाटी लावून यंत्राचा माल विकतात, म्हणून हे दोघे दर नाताळात त्या दुकानांसमोर उभे राहून नावं ठेवत आले. रोज सकाळी मेणासारख्या मऊ तारेशी झटायचं, सळईवर गुंडाळायची, एक वेटोळं डावं, एक उजवं, एकात एक फिरवत न्यायचं, कडा एकेक करून झाळायच्या. संध्याकाळी बोटं वळत नाहीत. हे सगळं कशासाठी, तर खालच्या बाजारात आणि वरच्या मजल्यावर काही फरक राहावा म्हणून. आणि तो माल याच मजल्यावरून, तिच्या शिक्क्यानिशी गेला असेल तर?

"दोनशे ओळींत एक वेटोळं सैल नाही, युलिस. माणसाच्या हातून असं होत नाही."

"तुझ्या हातून होत नाही."

कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. पण सोनाराने मन लावून टोचले तर रक्त येतंच. युलिस पुढे बोलत राहिला. हा पट्टा झाला त्या हिवाळ्यात तू नागिणीच्या दुखण्याने दीड महिना अंथरुणाला खिळली होतीस, तो म्हणाला, इथे कोणी बोलायला नव्हतं, म्हणून हात सरळ चालला. तिलाही तो हिवाळा आठवत होता. दोघांच्या मागण्या एकट्याने पुऱ्या केल्या, एकही उशिरा गेली नाही. तेव्हा तिने त्याचे आभार मानले होते. आता त्याच गोष्टीचा तिला वेगळाच अर्थ लागत होता.

खरं-खोटं करणं अवघड नव्हतं. दोघांच्या सळईला जुना ओरखडा आहे; तिच्यावर गुंडाळलेल्या तारेच्या आतल्या अंगावर तो केसाएवढा उमटतो, यंत्राच्या तारेवर तो नसणार. कातरीने चेपलेल्या टोकांवर काही दिसत नव्हतं, पण शेजारचं एक अख्खं वेटोळं फिरवून बाहेर काढलं की झालं. मार्लीझने चिमटा उचलला.

"काढ," युलिस म्हणाला. "फक्त आधी ऐकून घे. ओरखडा निघाला तरी मी दुकान सोडून जाणार, नाही निघाला तरी जाणार. सव्वीस वर्षांत मी तुला एकदाही विचारलं नाही."

"विचारायचं होतंस. मी सांगितलं असतं."

"तेच तर. मला विचारायची गरज पडली नाही."

तिला याचा सर्वांत जास्त राग आला. नियम केला होता तो मोठेपणा कोणी घेऊ नये म्हणून, काही झाकावं म्हणून नव्हे. एक सरळ प्रश्न विचारला आणि गुन्हेगार ती ठरली. खरा असता तर याने स्वतःच वेटोळं काढून तोंडावर फेकलं नसतं का, असं तिला वाटलं. लगोलग दुसरंही वाटलं, की त्याने तिच्यावर असा संशय घेतला असता तर तिनेही काढलं नसतं. तिने चिमटा खाली ठेवला, पण तुकडे उचलून खणात टाकले नाहीत.

शुक्रवारी सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता, खिडकी थरथरत होती. दोघांनी दिवसभर काम केलं. बोलणं झालं ते एकदाच, खिडकीच्या फटीत कागद कोंबण्यापुरतं. मार्लीझ भिंगाआडून युलिसच्या हातांकडे बघत होती. ओळीमागून ओळ जाळी सरळ उतरत होती. त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. कोणी बघतंय हे कळलं की कोणाचाही हात सरळ चालतो.

शनिवारी तिला उमगलं, की डॉक्टरांचा पट्टा सांधायचा तर कापलेली वेटोळी आणि त्यांच्या शेजारची दोन-दोन काढून नवी घालावीच लागतील. जो सांधेल त्याला दिसणारच. न बघता दुरुस्ती होत नाही. तिने हे युलिसला सांगितलं. मलाही माहीत आहे, तो म्हणाला, कापलं तू आहेस, सांध तू. नवा विणून देऊ का, असं तिने विचारलं. कोणी विणायचा, त्याने उलट विचारलं, आणि टोपी घालून निघून गेला.

सोमवारी सकाळी नऊला डॉक्टर बोवेंचा फोन आला. अकराची वेळ पक्की आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. मार्लीझने हो म्हटलं. साडेनऊला युलिस आला. त्याने कोट काढला नाही. आपल्या टेबलाशी बसून तो खिडकीबाहेर बघत राहिला. सव्वादहाला मार्लीझने दिवा लावला, भिंग डोळ्याला लावलं आणि चिमट्याने कापाशेजारच्या पहिल्या वेटोळ्याची झाळलेली कड मोकळी केली. साडेदहापर्यंत ते अर्धं बाहेर आलं होतं. त्याची आतली बाजू अजून दिसत नव्हती.