औटकीतला पॉइंट

मी कानातून बोलतोय. डाव्या कानातून. कानात घालायचा, बिनवायरचा, शेंगदाण्याएवढा जीव मी. माझा उजवा भाऊ घोडबंदर रोडला रिक्षात पडला. तिथला ट्रॅफिक अजून सुटलेला नाही, त्यामुळे तो तिथेच कुठेतरी गाणी ऐकत बसला असणार.

मी एकटा उरलो, तेव्हा आमचे मालक सुदेश मला टाकूनच देणार होते. पण त्यांच्या बायकोला, विनिताला, माझा वेगळाच उपयोग सुचला.

त्यांची मुलगी जागृती डोंबिवलीच्या घरी लॅपटॉपवर गुरुकुलाचा वर्ग करते. आसनावर मांडी, डोळे मिटलेले आणि सगळं तोंडपाठ: श्लोक, पावकी, निमकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. गुरुजींचा नियम कडक. पालकांनी मागून सांगितलं की पोराचं नाव कमी! कळव्याच्या हर्षितचे बाबा पडद्याआडून ओठ हलवताना दिसले, तेव्हापासून हर्षितची चौकट रिकामी आहे.

"ओठ काय हलवतात, खुळे कुठले!" विनिता म्हणाली आणि तोंडी परीक्षेच्या सकाळी तिने मला लेकीच्या कानात बसवलं. वरून केस ओढले. सुदेशचा जुना फोन पोरीच्या खिशात, आणि आई स्वयंपाकघरातून त्यावर फोन लावून तयार.

"आई, मला येतंय गं सगळं."

"येतंय ना? मग असू दे कानात. ऐनवेळी ततपप झालं म्हणजे?"

खरं सांगतो, माणसाचं काळीज छातीत नसतं, कानामागे असतं. मी ऐकलंय. तिथे ढोलताशाचं अख्खं पथक वाजत होतं.

"जागृती, सात औट किती?" गुरुजींनी विचारलं.

पोरीने उत्तरासाठी तोंड उघडलं, तोच माझ्यातून आई कडाडली, "चोवीस पॉइंट पाच! म्हण लवकर!" बाई कॅल्क्युलेटर वाचत होती.

आईचं ऐकायची सवय वाईट. "चोवीस पॉइंट पाच," जागृती म्हणाली.

चौकटींतल्या एका पोराची जांभई अर्ध्यात थांबली.

"औटकीत पॉइंट कुठून आला गं?" गुरुजींचा आवाज इतका हळू, की मीच घाबरलो. "कानावरचे केस मागे घे बघू."

"घेऊ नकोस," आई कुजबुजली. "लॅपटॉप मिट. नेट गेलं म्हणून सांगू."

जागृतीचा हात उठला. लॅपटॉपपर्यंत गेला. थांबला. मग माझ्याकडे वळला, आणि तिने मला तळहातावर घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर धरलं.

"गुरुजी, आईला औटकी येत नाही. मला येते."

"म्हण."

तिने म्हटली. सातवर साडेचोवीस, आणि पुढेही कुठे न अडता. आवाज थरथरत होता, आकडे नाही.

"नियमाप्रमाणे नाव जातं," गुरुजी म्हणाले. स्वयंपाकघरात पातेलं पडलं. "पण सांगणाऱ्यालाच येत नाही, तर सांगितलं तरी कसं म्हणू? आईंना बोलाव."

विनिता ओढणीला हात पुसत आली. मान खाली.

"फार कच्चं आहे तुमचं. उद्यापासून लेकीशेजारी बसायचं. औटकी तीच शिकवेल."

आता मी मेलेल्या रिमोटांबरोबर खणात पडून असतो. बाहेरून ऐकू येतं, "सात औट... सात औट..." आणि मग, "आई, डोळे मीट! किती वेळा सांगायचं गं?"

आईबाबांनो, पोरांच्या कानात शिरू नका. मी राहून आलोय तिथे. जागा फार लहान असते. पोराचा स्वतःचा आवाज जेमतेम मावतो.