ठेवणीतला तंबू

सोना मसुरी तांदूळ, वीस पाउंडांची पिशवी.

सकाळी पाव विकायला येणारी पांढरी गाडी.

कार्पेटला भोक पाडू नये, असं भाडेकरारात लिहिलेलं आहे.

अक्रोडाचं झाड. त्याच्याखाली चार माणसांपुरती जागा.

नागपूरच्या मावशीचा चेहरा फोनवर आधी हलतो, आवाज मागाहून येतो.

शिक्का.

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. वरचे तुकडे माझ्या घड्यांमध्ये असेच सुटे पडले आहेत. मी ते ओळीत लावून बघतो. जमेलच असं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कुठल्या देशात, ते आतल्या शिवणीतल्या पट्टीवर छापलेलं होतं. आत लोळताना घरातल्या धाकट्या ईशानच्या मानेला ती पट्टी टोचली म्हणून त्याने कात्रीने कापून टाकली. त्यामुळे मी कुठला, हे आता मलाही सांगता येत नाही. रंग फिका हिरवा, दार एक, छताला तारे बघण्यासाठी जाळीची खिडकी. आत चार माणसं झोपू शकतात.

मला व्हर्जिनियातल्या हर्नडन गावी गुरुनाथ आणि अहिल्या यांनी आणलं. नवराबायको दोघंही मूळचे नागपूरचे. गुरुनाथ सॉफ्टवेअर कंपनीत काम करतात. थोरली राधिका नागपुरात जन्मली आणि आईच्या कडेवर बसून इकडे आली. धाकटा ईशान इथेच जन्मला, म्हणून तो या देशाचा नागरिक आहे. घरात तेवढा तोच.

मला आणलं ते राधिकामुळे. शाळेत ती फ्रेंच शिकत होती. तिच्या बाई मूळच्या बोजोलेच्या. बोजोले म्हणजे फ्रान्समधला टेकड्यांचा आणि द्राक्षमळ्यांचा मुलूख. तिथे बाईंची बहीण मळ्याच्या कडेला तंबूंसाठी जागा भाड्याने देते. अक्रोडाचं मोठं झाड आहे, खाली ओढा आहे, सकाळी पावाची गाडी घंटा वाजवत येते. बाईंनी वर्गात फोटो दाखवले आणि राधिकाने घरी येऊन जाहीर केलं, "या समरला आपण तिकडे जायचं. सगळ्यांनी."

"वाइनच्या गावाला?" गुरुनाथांचे मित्र अनिल जेवायला आले होते, ते म्हणाले. "तुम्ही लोक तर कोकसुद्धा पाणी घालून पिता यार! नाशिकला जा. तिथेही द्राक्षं आहेत."

"नाशिकला गेलो तर परत कसा येऊ?" गुरुनाथ म्हणाले.

सगळे हसले. अनिल जरा कमी हसले. तेही गुरुनाथांसारखेच कामाच्या व्हिसावर होते.

मी कापड आहे, मला हे समजायला वेळ लागला. गुरुनाथांना इथे राहायची आणि काम करायची परवानगी आहे. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत आत येण्यासाठी पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का लागतो, आणि तो शिक्का बाहेरच मिळतो. कधी आठवड्यात मिळतो, कधी महिने जातात, कधी मिळत नाही. तोवर इथलं घर, शाळा, नोकरी, सगळं इथे. माणूस तिथे.

म्हणून त्या उन्हाळ्यात जाणं झालं नाही. "ग्रीन कार्ड येऊ दे, मग बिनधास्त जाऊ," गुरुनाथ म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यातही तेच म्हणाले.

पण तयारी दर वर्षी व्हायची. मे महिना आला की दिवाणखान्यातलं टेबल भिंतीला लागायचं आणि मला मधोमध उभं करायचे. कार्पेटमध्ये खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून माझ्या चारही कोपऱ्यांवर तांदळाच्या आणि कणकेच्या पिशव्या ठेवायचे. राधिका आत बसून सगळ्यांना फ्रेंच शिकवायची.

"बाबा, म्हण. बॉन्जूर मादाम, चार जण आहोत."

"बॉन्जूर मादाम, चाय मिळेल का?"

"बाबा!"

अहिल्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "कणकेची पिशवी कोणी नेली? पोळ्या कशाच्या करू, तंबूच्या?"

आत्मवृत्तात यानंतर कामाची वर्षं येतात.

कामाची वर्षं.

(ही जागा रिकामी आहे.)

एकदा ईशानने विचारलं होतं. "आई, देवांगच्या बॅकयार्डमध्ये स्लीपओव्हर आहे. टेंट नेऊ?"

"अजिबात नाही. मातीत मळवून आणशील."

"टेंट आहे तो, आई. मातीसाठीच असतो."

"ठेवणीतला आहे तो. घराबाहेर पहिल्यांदा तिकडेच लावायचा."

अहिल्यांच्या कपाटात ठेवणीतल्या चादरी आहेत, ठेवणीतले कप आहेत. मीही त्यांच्यात जाऊन बसलो. मला तेव्हा बरं वाटलं. पाहुणे यायचे, माझ्या कापडावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "नवाच दिसतो!" माझं कौतुक झालं ते एवढंच.

राधिका मोठी झाली, पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला शिकायला गेली. मूल एकवीस वर्षांचं झालं की ते बापाच्या व्हिसातून बाहेर पडतं. तोवर ग्रीन कार्ड आलं असतं तर प्रश्न नव्हता. रांग हलली नाही. राधिकाचा एकविसावा वाढदिवस ऑगस्टमध्ये होता.

त्या मे महिन्यात ती घरी आली आणि म्हणाली, "ऑगस्टनंतर माझं काय होईल, मला माहीत नाही. त्याआधी एकदा आपण चौघं जाऊ. एकदाच."

गुरुनाथांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग लॅपटॉप उघडून तिकिटं काढली. खरीखुरी तिकिटं! मादामचं, म्हणजे बाईंच्या बहिणीचं, उत्तर आलं, ते राधिकाने मोठ्याने वाचून दाखवलं. अक्रोडाखालची जागा तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. अहिल्यांनी मेथीचे ठेपले किती दिवस टिकतात याचा हिशेब सुरू केला. मला पुन्हा दिवाणखान्यात उभं केलं. या वेळी कोणी फ्रेंच बोललं नाही. दांड्या नीट बसतात का, चेन अडकते का, एवढंच सगळ्यांनी गंभीरपणे पाहिलं.

मग प्रसन्नची बातमी आली. प्रसन्न गुरुनाथांच्या टीममधला. आजारी आईला भेटायला थोड्या दिवसांसाठी पुण्याला गेला आणि शिक्क्यासाठी तिकडेच अडकला. बायको आणि मुलगी हर्नडनमध्ये. कंपनी किती दिवस वाट बघणार? त्याची नोकरी गेली.

मी अजून उभाच होतो. संध्याकाळी राधिका माझ्या आत येऊन बसली आणि तिने चेन ओढून घेतली. गुरुनाथ बाहेर कार्पेटवर बसले. मी मध्ये होतो.

"बाबा, तू कॅन्सल केलंस ना?"

"प्रसन्नकाकाचं बघतेस ना तू?"

"कॅन्सल केलंस का, ते सांग."

"हो."

अहिल्या हात पुसत आल्या. "अगं, पुढच्या वर्षी जाऊ. मादामला कळवून—"

"पुढच्या वर्षी मी तुमच्या फाइलमध्ये नसेन, आई."

"धिस इज सो डंब," ईशान जिन्यावरून म्हणाला. "मी जाऊ शकतो. मला जायचंच नाहीये, आणि मी एकटा जाऊ शकतो."

त्याला कोणी रागावलं नाही. गुरुनाथांनी माझ्या कापडावर बाहेरून तळहात टेकवला. ती आत कुठे बसली आहे, हे त्यांना दिसत नव्हतं. हात चुकीच्या बाजूला होता.

राधिकाने विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी अर्ज केला होता. त्याला नकार आला. शिक्षण अर्धवट सोडून तिला जावं लागलं. कुठे? नागपूरला, मावशीकडे, जिला ती फोनच्या पडद्यावरच ओळखत होती. अहिल्यांनी बॅगा न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवून पाहिल्या. मला एकदा बॅगेत घातलं, मग काढलं. माझ्या जागी तिची पुस्तकं गेली. बरोबरच केलं. मी चौघांसाठी होतो.

विमान दोहामार्गे होतं. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात ते फ्रान्सवरून जात होतं, लियों शहराच्या अगदी जवळून. बोजोले त्याला लागूनच आहे. तिने त्या नकाशाचा फोटो काढला आणि दोहाला उतरल्यावर घरी पाठवला. खाली लिहिलं होतं, "ढग होते. काही दिसलं नाही."

अहिल्यांनी उत्तर पाठवलं, "जेवलीस का?"

आता मी पाणी तापवायच्या टाकीशेजारच्या कपाटात आहे. तिथे दमट ऊब असते. मित्रांनो, तंबूच्या आतून पाणी अडवणारा एक लेप असतो. तो वापराने झिजतो असं तुम्हाला वाटेल. तो नुसता घडीत राहूनही सुटतो. आधी चिकट होतो, मग आंबूस वास येतो, मग पापुद्रे निघतात. गेल्या महिन्यात अहिल्यांनी मला कशासाठी तरी उलगडलं. कार्पेटवर पांढरा चुरा सांडला. त्यांनी व्हॅक्यूम फिरवला, माझी पुन्हा त्याच रेषांवर घडी घातली आणि कपाट लावून घेतलं. मला टाकून द्यायचं, असं त्यांनी म्हटलं नाही. ठेवायचं, असंही नाही.

तंबूने शेवटी विनंती करायची असते. उन्हात वाळवून ठेवा, उंदरांपासून जपा, खुंट्या मोजून पिशवीत घाला. या घराने मला फार जपलं. माझ्यावर कधी पाऊस पडला नाही, मला चिखल लागला नाही, माझी एकही खुंटी वाकलेली नाही. मला यापेक्षा जास्त कोणी जपू शकलं नसतं. म्हणून माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं काही असेल तर ते आज बाहेर काढा आणि मळवा. माझ्यासाठी आता त्याचा उपयोग नाही. लेप गेलेला तंबू पहिल्या सरीला गळतो, आणि ज्यांनी आत झोपायचं ती चौघं आता एका देशात नाहीत.

शेनान्डोआचं जंगल इथेच, व्हर्जिनियातच, हर्नडनहून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे तंबू लावू देतात.