जोत्याची दोरी

बायको, सत्यभामा, सापडल्याचं कडूबाला ओढ्याच्या पलीकडून कळलं. रात्रभर पाऊस झाला होता. उजाडायच्या सुमारास ती कोकरं सोडवायला गोठ्याकडं गेली ती परत आलीच नाही. कडूबा आणि त्याचा मुलगा भारत कंबरभर पाण्यातून हाका मारत फिरत होते. पाणी ओसरायला लागलं तेव्हा समोरच्या काठावरून आप्पासाहेबांनी आवाज दिला, "कडूबा, इकडं या. भारतला पण आणा."

भारतला पण आणा म्हणाले, तेव्हाच कडूबा समजला.

आप्पासाहेबांच्या दगडी भिंतीच्या पायथ्याशी ती अडकली होती. त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, घरातली चादर आणून तिच्या अंगावर घातली. मग सरकारी माणसं आली. अलीकडचा काठ शिरसवाडीचा, फुलंब्री तालुक्यातला. पलीकडचा हर्सूलच्या बाजूचा, महापालिकेच्या हद्दीतला. बाई या काठाची, सापडली त्या काठाला, मग पंचनामा कुणी करायचा? तिच्या उशाशी उभं राहूनच ते बोलत होते. कडूबानं सगळं ऐकलं.

त्या पुरात कडूबाचं घर पडलं, एक भिंत तेवढी राहिली. आप्पासाहेबांच्या उंबऱ्याला पाणी लागलंसुद्धा नाही.

आता पुन्हा पावसाळा तोंडावर आला होता. भारतची बायको रूपा तान्ह्या बाळाला घेऊन फर्दापूरला माहेरी होती. "मामा, पाणी शिरणार नाय असं घर झाल्याबिगर मी लेकराला तिथं निजवणार नाय," तिनं सासऱ्याला फोनवर सांगितलं होतं. कडूबाला त्यात काही चूक दिसली नाही.

जुन्या घराचं जोतं जमिनीबरोबर होतं. सत्यभामानंच तसं ठेवायला लावलं होतं. "दारात पायरी नको, कोकरू चढत नाय," म्हणायची. थंडीत नवी कोकरं घरातच निजायची. मेंढरं पाळणाऱ्या सगळ्यांची घरं वाडीत तशीच होती.

"दादा, या वक्ती आप्पासाहेबांसारखं उंच जोतं घ्यायचं," भारत बापाला म्हणाला. म्हणून कडूबा ओढा ओलांडून विचारायला गेला.

"कडूबा, एवढ्या पायऱ्यांत दमलात?" आप्पासाहेब ओट्यावरून हसले. "मेंढरामागं डोंगर चढता की."

"चढतो. पण डोंगराला कुणाची परवानगी लागत नाय. तुमच्या काठाला काय काय लागतं ते सांगा."

आप्पासाहेबांनी सांगितलं. नकाशावर पुराची रेघ असते. ओढ्यापासून जागा सोडावी लागते. जोतं त्या रेघेच्या वर घ्यावं लागतं, नाहीतर घराला परवानगीच नाही. "मी लई भांडलो होतो तवा. भरावाला मुरूम आणता आणता जीव गेला. पण आता वाटतं, बरं झालं..." बोलता बोलता ते थांबले. मग हळूच म्हणाले, "तुमच्याकडं काय नियम हाय?"

"ग्रामसेवक म्हणतो, या ओढ्याची रेघ आमच्या नकाशात नाय. सरपंच म्हणतो, तुझी जागा, तुझी मर्जी."

"मग मोकळीकच हाय की तुमाला."

कडूबा खाली भिंतीकडं बघत होता. "आप्पा, तुमचा भराव नव्हता, भिंत नव्हती, तवा पुराचं पाणी कुठं जायचं?"

"इथंच. माझ्या कपाशीत पसरायचं."

"आन् आता?"

द्वारकाबाई चहा घेऊन आली. आप्पासाहेबांनी बशी हातात घेतली, पण चहा ओतला नाही. "नियमात होतं तेच केलं, कडूबा."

"व्हय. तुमी वाकडं काहीच केलं नाय." कडूबा मनापासून बोलला, आणि त्याला जास्तच धास्ती वाटली. कुणी चुकलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

परत आला तेव्हा पुंजाराम गवंड्यानं खुंट्या ठोकल्या होत्या. उरलेल्या भिंतीवर पुराच्या गाळाची खूण होती. तिच्याही वर त्यानं जोत्याची दोरी बांधली होती. खालच्या अंगाला राहणारी म्हातारी आवडाबाई येऊन बघत उभी होती.

"कडूबा, घर बांधतो का मचाण?"

"पूर येतो, माय."

"मला नवा हाय का पूर? पाणी तुझ्या अंगणात फाकायचं आन् माझ्या मागनं निघून जायचं. तू एवढा भराव टाकल्यावर ते सरळ माझ्या दारात. मग मी काय करू, खाटंवर बसून वल्हं मारू?"

"तुमी पण उचला जोतं," भारत म्हणाला.

"उभं घर उचलू का रं? धर, तू त्या कोपऱ्याला हात लाव."

पुंजाराम हसला. कडूबा हसला नाही. "पुंजाराम, तुझी पातळीची नळी धर माझ्या भिंतीवरच्या खुणेला," तो म्हणाला. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक पुंजारामनं खुणेला धरलं. दुसरं टोक घेऊन कडूबा आवडाबाईच्या घरात गेला. नळीतलं पाणी तिच्या खाटेच्या वर येऊन थांबलं. मागच्या पुरात पाणी तिच्या उंबऱ्यापर्यंतच आलं होतं. बाकीचं कडूबाच्या अंगणानं झेललं होतं.

आवडाबाईनं नळीकडं बघितलं आणि खाटेवरचं अंथरूण उगाच नीट केलं.

बाहेर भारतनं बापाला अडवलं. "तुमी आवडामायचा इचार करता. माझ्या लेकराचा कोण करणार? आय गेली ना आपली?"

वर माळावर बांधावं तर ते गायरान, तिथं घर बांधता येत नाही. कडूबा पुन्हा सरपंचाकडं गेला. दोन्ही काठांचा एकत्र विचार करा म्हणाला. "पलीकडचा काठ आपला नाय," सरपंच म्हणाला. मग तो शहरातल्या कार्यालयात गेला. आप्पासाहेब स्वतःहून बरोबर आले. "अलीकडचा काठ आमच्या हद्दीत नाही," तिथल्या माणसानं सांगितलं. परत येताना हर्सूलच्या तलावावर ढग आले होते, दोघांनीही ते बघितले.

काल रूपाचा फोन आला. "मामा, कवा येऊ?"

"सांगतो, पोरी," कडूबा म्हणाला.

पुंजाराम दुसऱ्या कामावर गेला आहे. दोरी खुंट्यांना तशीच बांधलेली आहे. जोतं किती उंच घ्यायचं ते ठरलेलं नाही, आणि पाया अजून भरलेला नाही.