चढावरचा फोन

भिंगरीच्या आईच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. गाडी शिकवणाऱ्यांच्या गाडीत असतो तसला. शिकणारा गडबडला की शेजारी बसल्या बसल्या गाडी थांबवायची. भिंगरीला वाटायचं, असा एक ब्रेक घरातही हवा होता. बाबांनी मित्राच्या नादाने छपाईचं दुकान काढलं, तेव्हाच आईने तो करकचून दाबला असता. दुकान बसलं, मित्र उठून गेला आणि कर्ज तेवढं राहिलं. कागदावर बाबांच्या शेजारी आईची सही होती. बाबा आता परगावी दुसऱ्याच्या छापखान्यात राबत होते, जमेल तसे पैसे पाठवत होते, पण मागे पडलेले हप्ते काही पुढे यायला तयार नव्हते.

मग फोन सुरू झाले. आई शिकवताना मोबाइल बंद ठेवायची, म्हणून वसुलीवाल्याने सरळ ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात फोन लावला आणि तुमच्याकडची बाई कर्जबुडवी आहे, असं ऐकवलं. ऐकणारे होते खुद्द मालक. मालकांचं नाव भिंगरीने हँडब्रेक ठेवलं होतं, कारण ते खोलीत आले की सगळ्यांचं बोलणं जागच्या जागी थांबायचं.

हँडब्रेकांनी आईला बोलावलं. "बाई, घरचं तुमचं तुम्ही बघा. पण डोक्यात वसुलीवाले आणि हाताखाली शिकाऊ माणूस, हे मला चालायचं नाही. गुरुवारी मी मागे बसून बघतो. लक्ष ठिकाणावर नसेल तर नवीन बॅच दुसऱ्या कुणाला देईन."

बॅच गेली म्हणजे पगार गेला, एवढं गणित भिंगरीला येत होतं, आणि गणितात तिने आजवर काही दिवे लावलेले नव्हते.

त्याच आठवड्यात हँडब्रेकांनी आणखी एक नियम काढला. ऑफिसचा निरोप चुकता कामा नये. म्हणून मोबाइल चालू ठेवायचा, समोर डॅशबोर्डवर अडकवायचा आणि वाजला की आपोआप उचलला जाईल असा करून ठेवायचा, तोही स्पीकरवर, म्हणजे हात मोकळे. नियम काढताना ते स्वतःवर फार खूश होते.

गुरुवारी भिंगरी शाळेतून थेट गाडीकडे आली. घराची किल्ली आईकडे होती. मागच्या सीटवर हँडब्रेक आधीच बसले होते, त्यामुळे ती दप्तर मांडीवर घेऊन दाराला चिकटून बसली. स्टिअरिंगवर होते शिंपीकाका. त्यांच्या हातचा कोट घालून लोक छाती पुढे काढून मुलाखतीला जायचे, पण चाकामागे बसलं की त्यांचं स्वतःचं पाणी पाणी व्हायचं. दुसऱ्या दिवशी त्यांची परीक्षा होती.

आईची शिकवायची एक खास पद्धत होती. ती कुणालाच गाडीच्या भाषेत शिकवायची नाही. नर्सला सांगायची, क्लच इंजेक्शनसारखा, घाई केली की समोरचा दचकतो. सुताराला सांगायची, वळण रंध्यासारखं, एका हाताने ढकलायचं नाही. शिंपीकाकांना तर तिने अख्खी गाडी शिलाई मशीन करून दिली होती.

"रस्ता म्हणजे मखमल, काका," आई म्हणाली. "ओढायची नाही. आपली आपण सरकू द्यायची."

"मखमल फार नखरे करते हो, मॅडम."

"म्हणूनच तुमच्याकडे येते ना."

काका हसले आणि गाडी बाजारामागच्या चढाला लागली. अर्ध्या चढावर सिग्नल लाल झाला. मागे पावाची गाडी येऊन अगदी पाठीला नाक लावून उभी राहिली. याच जागी काकांची गाडी दर वेळी मागे घरंगळायची. काकांच्या मानेवर घाम दिसायला लागला.

आणि फोन वाजला. नियमाप्रमाणे आपणच उचललाही गेला.

"काय बाई, लपून बसलात काय?" एका तरुण माणसाचा आवाज गाडीभर झाला. "पैसे घेताना गोड वाटतं, देताना तोंड कडू होतं?"

भिंगरीचे कान तापले. हँडब्रेक पुढे सरकून बसले. काकांची नजर सिग्नलवरून फोनकडे गेली.

"लपले नाहीये, गाडी शिकवतेय," आई म्हणाली. आवाज तोच, मखमलीचा. "काका, तुम्ही सिग्नलकडे बघा. फोन माझा आहे, चढ तुमचा आहे."

"तुमच्या मालकांना परत फोन लावतो, मग कळेल."

"लावू नका, इथेच बोला. मालक मागे बसलेत. त्यांच्या शेजारी माझी मुलगी आहे. गाडी चालवतायत ते काकाही ऐकतायत. ओळख करून देऊ का?"

फोनमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली.

"स्पीकरवर आहे का, मॅडम?" बाईची मॅडम झाली होती.

"हो. आता ऐका, दादा. तुमच्यावरही कुणीतरी बसलेलं असणार, तुमचे फोन मोजणारं. मग हा फोन वाया कशाला घालवता? समोर स्क्रीन आहे ना, त्यात घाला, बोलणं झालं. कर्ज आमचंच आहे, मी नाही म्हणत नाही. एक हप्ता शनिवारी भरते, दुसरा पगार झाला की. एकदम दोन्ही जमणार नाहीत, आणि खोटं सांगून तुमचा शनिवार खराब करणार नाही. हेही लिहा, की कामावर फोन करायचा नाही. नोकरी गेली तर वसूल कुणाकडून करणार तुम्ही? काका, सुटला सिग्नल. पायडल. सावकाश, टाका पडू दे."

काकांचा पाय हळूच दबला. गाडी गुणगुणली, अंग चोरल्यासारखी थरारली आणि वर निघाली. सुताएवढीही मागे आली नाही. पावाची गाडी बिचारी उगाच हॉर्नवर हात ठेवून बसली होती.

फोनमधून टाइप केल्याचा आवाज येत होता. "लिहिलं, मॅडम. शनिवारी कधी फोन करू?"

"तुम्ही नका करू. मीच करते, सकाळी."

"नक्की ना? मागे तुम्ही काही बोललाच नाहीत."

"मागे तुम्ही मला बोलायला जागाच ठेवली नव्हती."

टायपिंग थांबलं. मग आवाज खाली आला. "ते काका चढले का?"

"चढले."

"मी तिथेच नापास झालो होतो," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

भिंगरीला वाटलं, खिडकी उघडावी आणि पाववाल्याला, भाजीवाल्यांना, सिग्नललासुद्धा सांगावं, ही माझी आई आहे. खिडकी बंदच राहिली, पण तिचं दप्तर मांडीवर नाचत होतं.

 ऑफिसपाशी गाडी थांबल्यावर हँडब्रेक उतरले, दार लावलं, दोन पावलं गेले आणि परत येऊन आईच्या खिडकीशी वाकले.

"बाई, तो फोन आपोआप उचलायचा नियम."

"हो?"

"काढून टाका." ते खाकरले. "सोमवारपासून बॅच तुमचीच. आणि त्याचा फोन ऑफिसात आला तर मी घेईन. काय बोलायचं, तेवढं मला एकदा शिकवून ठेवा."

शिंपीकाका अजून स्टिअरिंग धरून बसले होते. "मॅडम, मी चढलो," ते म्हणाले. "उद्या परीक्षेच्या वेळीही त्याला फोन करायला सांगता का?"

"उद्या तुमचं तुम्ही शिवा, काका."

काका हसत हसत गेले, पण आई उतरली नाही. भिंगरी पुढे येऊन तिचं दार उघडून उभी राहिली.

"उतर ना."

"थांब जरा. पाय आखडलाय."

भिंगरीने वाकून पाहिलं. आईचा पाय त्या जादा ब्रेकच्या वर, टेकू न देता, अधांतरी धरलेला होता आणि पोटरी लटलट कापत होती. चढापासून तो तसाच असणार.

"तू दाबला होतास?"

"नाही गं. दाबला असता तर काका चढले असं कसं म्हणता आलं असतं?"

भिंगरी खाली फुटपाथवर बसली. आईची चप्पल काढून तिने तो पाय मांडीवर घेतला आणि चोळायला लागली. पाय गार पडला होता. फोनवर बोलणाऱ्या आवाजात याचा मागमूसही नव्हता.

"शनिवारी तू फोन करशील ना, तेव्हा मी शेजारी बसणार," ती म्हणाली.

"कशाला?"

"जादा ब्रेक म्हणून."

आईने तिच्या डोक्यावर टपली मारली. "दाबायचा नाही मात्र."