अजून वाजतंय

"मी बसने जाईन," असं मी जाहीर केलं तेव्हा हे दाढी करत होते. अर्ध्या गालावरचा फेस तसाच ठेवून आमचे यजमान बाहेर आले.

"बसने? मग गाडी काय शोभेला ठेवलीय?"

"ठेवा शोभेलाच. तिच्यात बसून मी लेकीकडे यायची नाही."

लेकीचं घर इथून दिवसभराच्या रस्त्यावर. दोघं मिळून या म्हणून तिने कधीपासून डोकं खाल्लं होतं. जायचं तर होतंच, घोडं अडलं होतं ते गाडीपाशी. आमची गाडी म्हणजे ह्यांची लाडोबा. लेक शाळेत होती तेव्हा घेतलेली. तिला छतात सरकणारी काच आहे, सनरूफ. त्या सनरूफचं ह्यांना इतकं कौतुक की पाहुणा आला की आधी त्याला छत दाखवतात आणि मग चहाचं विचारतात. पण त्याचं रबर कधीच चपटं झालं होतं. खिडक्यांच्या कडेच्या काळ्या पट्ट्या उन्हाने पांढुरक्या होऊन कोपऱ्यात आखडल्या होत्या. पाऊस आला की थेंब पडणार तो नेमका माझ्या भांगात, ह्यांच्या टकलावर म्हणून कधी पडला नाही. थेंबाचं एक वेळ सोसलं असतं. पण गाडीने जरा वेग घेतला की छतातून आणि माझ्या बाजूच्या खिडकीतून बारीक शिट्टी सुरू व्हायची, ती गाडी थांबेपर्यंत.

मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली. हळू आणि स्पष्ट बोलायचाच मला पगार मिळायचा. तीच मी ह्या गाडीत घसा फोडून ओरडायची. "डावीकडे वळा!" "काय?" "डावीकडे!" तोवर वळण मागे पडलेलं असायचं. ओरडून बोलायचं म्हटलं की माणूस कामापुरतंच बोलतो. गाडी नवी होती तेव्हा आम्ही संध्याकाळी उगाच एक चक्कर मारून यायचो. लेक मागच्या सीटवर झोपून जायची आणि आमच्या दोघांच्या गप्पा संपायच्या नाहीत. घरात जे बोलायला जमत नसे ते गाडीत जमायचं. आता तर घरातही मी काही म्हणावं आणि ह्यांनी पेपरात डोकं खुपसून बसावं, असं चाललं होतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटायला लागली होती, की आमच्यातलं बोलणं संपलंय आणि त्या दिवसभराच्या रस्त्यावर ते उघडं पडणार. बसमध्ये शेजारी परका माणूस असतो. त्याने ऐकलं नाही तर आपल्याला काही वाटत नाही.

हे अर्थातच मी ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं ते शिट्टीचं.

"कसली शिट्टी? मला तर कधी ऐकू आली नाही."

"तुम्हाला तिचा एक दोष दिसत नाही, ऐकू कुठून येणार!"

हे आत गेले. उरलेला गाल संपवून परत आले. "शिट्टी गेली तर येशील?"

"शिट्टी आणि थेंब, दोन्ही."

"ठरलं."

हे नोकरीत ड्राफ्ट्समन होते. रेघ केसभर जाड झाली तरी कागद फाडून नवा घेणारे. जुन्या रबराचा एक तुकडा कापून त्यांनी काड्यापेटीत ठेवला आणि ती काड्यापेटी खिशात घालून सगळी दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने सरळ सांगितलं, "काका, ह्या गाडीचं रबर आता मिळायचं नाही. गाडी विकून टाका." त्या दिवशी हे जेवले नाहीत धड. शेवटी मीटरवर विकणाऱ्या एका दुकानात त्याच घडणीचं रबर मिळालं, खिडक्यांच्या पट्ट्याही मिळाल्या, आणि स्वारी अशी घरी आली की जणू लग्न जमवून आलेत.

रबर आल्याबरोबर आमच्या सोफ्यावर लांबवर पसरलं.

"हे काय?"

"त्याला जरा आराम हवा. गुंडाळीतून काढून लगेच लावलं की ते नंतर आखडतं."

"माहेरून आले तेव्हा मला असा आराम कुणी दिला नव्हता," मी म्हटलं. हे खिडकीशी उभे राहून पट्टीची लांबी मोजत होते. उत्तर नाही. नेहमीसारखंच, म्हणून मी चहा टाकायला गेले.

मग काम सुरू झालं. जुना डिंक खरवडायला ह्यांनी बँकेचं मुदत संपलेलं कार्ड घेतलं, म्हणजे रंगाला ओरखडा नको. स्पिरिटच्या फडक्याने कडा पुसून घेतल्या. सनरूफच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायला बारीक भोकं असतात, ती धुळीने बुजली होती. त्यांतून नायलॉनची दोरी घातली तेव्हा चिखल निघाला, सुकी पानं निघाली आणि लेकीच्या शाळेतल्या ब्रेसलेटचा एक निळा मणी निघाला. तो ह्यांनी पुसून शर्टाच्या खिशात ठेवला. नवं रबर मागच्या कडेच्या मधोमध धरून बोटाबोटाने दाबत नेलं. दुसरं टोक माझ्या हातात.

"ओढू नकोस! ओढलेलं रबर नंतर मागे येतं आणि फट पडते."

"मी कुठे ओढतेय? तुम्हीच ढकलताय."

रबर बसलं, पट्ट्या बसल्या, मग परीक्षा. काच लावायच्या आधी रबरावर कागदाची पट्टी ठेवायची, काच लावायची आणि कागद ओढून बघायचा. अलगद सुटून आला तर तिथे फट आहे, अडकून फाटला तर काम चोख. ह्यांनी चारही बाजूंनी कागद फाडले. त्यात माझं अर्धवट सोडवलेलं शब्दकोडंही गेलं. मग मी डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालून आत बसले आणि हे स्टुलावर चढून झारीने छतावर पाणी ओतत राहिले. एक थेंब आला नाही. पिशवी काढायची विसरून मी तशीच घरात आले, ते शेजारणीने पाहिलं.

राहिली शिट्टी. ती तपासायला दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागलो. ह्यांनी वेग वाढवला आणि मी कान टवकारले. काही नाही. इंजिनाची घरघर तेवढी, बाकी शांत. माझ्या हातातल्या बांगड्या वाजलेल्या मला ऐकू आल्या. मला इतकं बरं वाटलं की मी हळूच, माझ्या जुन्या एक्सचेंजच्या आवाजात म्हटलं, "छान झालं हो काम."

उत्तर नाही. हे समोर बघत गाडी चालवतायत.

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं ह्यांचं उत्तर न देणं त्या शिट्टीवर ढकललं, आता कोणावर ढकलायचं? म्हटलं, थांबा, बोलतं करते. आणि जोरात ओरडले, "अजून वाजतंय!"

वाटलं, आता भडका उडणार. लाडोबाला कोणी नाव ठेवलं की हे सख्ख्या भावाशीही भांडतात. पण ह्यांनी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली आणि उभी केली.

"कुठून?"

"वरून. मागच्या कोपऱ्यातून," मी ठोकून दिलं.

ह्यांनी खाली उतरून त्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली. पुन्हा निघालो.

"आता?"

"आता खिडकीतून येतंय."

पुन्हा थांबलो. खिडकीला पट्टी. मला आतून हसू फुटत होतं. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा ह्यांच्या कपाळावर घाम होता. पट्टीचं टोक नखाने काढायला बघत होते, ते काही केल्या सुटेना. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अजून वाजतंय का गं?"

माझं हसू तिथेच थांबलं. चारी बाजूंनी कागद फाडून बघणारा हा माणूस माझ्याशी भांडत का नाही, ते मला तेव्हा कळलं. मी खाली उतरले आणि ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"अहो, खरं सांगा. ती शिट्टी तुम्हाला कधी ऐकू आली होती?"

हे पट्टी चोळत राहिले. "नाही. कधीच नाही."

"मग हा एवढा खटाटोप कशासाठी?"

"तू म्हणतेस म्हणजे असणार."

मला रडू आलं, तेही भर रस्त्यात. ह्यांनी घाबरून शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, तर त्याबरोबर तो निळा मणी खाली पडला आणि दोघंही वाकून तो शोधायला लागलो. वाकल्या वाकल्याच मी सांगून टाकलं, की शिट्टी गेली आहे, पहिल्यापासून गेली आहे, मी आपली गंमत करत होते.

"म्हणजे ह्या चिकटपट्ट्या उगाच?"

"उगाच."

"अगं, रंग निघेल तिचा!" हे ओरडले, आणि मग हसायला लागले. हसून झाल्यावर म्हणाले, "मला वाटायचं, तूच बोलायची कमी झालीस. माझा कंटाळा आला असेल तुला."

"आणि मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम कानाडोळा करता."

मणी माझ्या चपलेखाली सापडला. चिकटपट्ट्या आम्ही दोघांनी मिळून सावकाश काढल्या.

कानाच्या डॉक्टरांकडे जायला ह्यांनी बरेच आढेवेढे घेतले, पण गेले. कानामागे बसणारं छोटंसं यंत्र मिळालं. ते लावून आम्ही लेकीकडे निघालो, अर्थातच गाडीने. पहिल्याच वळणावर हे दचकले.

"हे काय टिकटिकतंय?"

"इंडिकेटर."

"हा कधीपासून वाजतो?"

"घेतल्यापासून."

वळण संपलं तरी ह्यांनी तो बराच वेळ चालू ठेवला. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा कुठे बंद केला. मग डिकीतला डबा वाजला, माझी सीट कुरकुरली, आणि ह्यांचा चेहरा उतरत गेला.

"एवढी वाजते ही? आणि शिट्टी वेगळी? तू इतकी वर्षं बसलीस कशी हिच्यात?"

"तुमच्या शेजारची जागा हिच्यातच होती ना," मी म्हटलं.

हे रस्त्याकडेच बघत राहिले, पण ऐकलं होतं, ते कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यावरून कळलं. मी खिडकीबाहेर बघत, अगदी हळू, पुटपुटल्यासारखं म्हटलं, "छान झालं हो काम."

"माहीत आहे," हे म्हणाले. "कागद लावून बघितलंय मी."