एक्केचाळिसाव्या मजल्यावरची मयत

लालबागच्या त्या मनोऱ्यात खाली राहणाऱ्यांना ऊन पासावर मिळत असे. गिरणीची चाळ पाडून मनोरा उभा राहिला तेव्हा जुन्या भाडेकरूंना पार्किंगच्या खालचे मजले मिळाले. मग आजूबाजूला इतके मनोरे झाले, त्यांच्यामधून इतके पूल गेले, की रस्त्यावर ऊन पडेनासं झालं. ऊन उरलं ते वरच्या बागेत. खालच्यांनी मनगटातला पट्टा दाराला दाखवून आत जायचं, ठरलेल्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि घंटा वाजली की परत यायचं. बाकांवर बसायचं नाही.

दिवाळीनंतर सोसायटीने तेही बंद केलं. बाग अपुरी पडते म्हणे.

खालच्या मालनच्या पोरीचे, श्रेयाचे, पाय तेव्हाच वाकायला लागले होते. पोर उभी राहिली की दोन गुडघ्यांमधून मांजर जाईल एवढी फट. डॉक्टर म्हणाला, "हाडं अजून कोवळी आहेत. भरपूर ऊन मिळालं तर सरळ होतील. वर्षभराने मला विचारू नका."

मालन त्याच मनोऱ्याचे पंप चालवायची. पाणी वर चढायचं ते तिच्या हाताने. तिने उन्हाळ्यातल्या एका सकाळी मेन स्विच खाली ओढला आणि पंपघराचं लोखंडी दार आतून लावून घेतलं. पंपांचा आणि लिफ्टचा मेन एकच, त्यामुळे लिफ्टही थांबल्या. वरचे एसी पाण्यावर थंड होणारे, पाणी नाही म्हणून तेही बंद पडले. दाराबाहेरच्या उतारावर खालचे सगळे पुरुष मांडी घालून बसले. सिक्युरिटीवाले दारापर्यंत पोचायचे तर त्यांना तुडवत जावं लागलं असतं. वरच्यांकडे माणसं मोजकी, इथे बसलेले शंभरावर. मागणी एकच होती : पोरांना ऊन.

मालनचा भाचा राजरत्न उतारावर पुढे बसायचा. त्याच्या शेजारी नाना. नाना मालवणचे, त्यांचे वडील इथल्याच गिरणीत होते.

"नाना, पाय अवघडले तर लांब करा," राजरत्न म्हणायचा. "सिक्युरिटीला तेवढाच अडथळा."

"मेल्या, माझे पाय सांभाळ, माका त्येंच्यार घराक जावचा हा."

तिसऱ्या दिवशी दुपारी सेक्रेटरीचा निरोप आला : उद्या बोलायला बसू. उतारावर शिट्ट्या वाजल्या. मालनने दाराच्या जाळीतून श्रेयाला दाखवलं, हाताने सूर्य काढून. पोर हसली.

त्यानंतर थोड्याच वेळात विनीत जिना उतरून आला. एक्केचाळिसाव्या मजल्यावरचा. शर्ट अंगाला चिकटलेला, पायांत घरातल्या सपाता. लोकांनी त्याला जाळीपर्यंत वाट दिली.

"मालनमावशी, आई गेली."

मालन उठून जाळीशी आली.

"सकाळपासून फोन करतोय. शववाहिनी गेटवर उभी आहे. ड्रायव्हर वर चढत नाही, सिक्युरिटी म्हणते आमचं काम नाही. शेजारी दार उघडत नाहीत. वर इतकं गरम आहे... तिला ठेवता येणार नाही, मावशी."

"लिफ्ट चालू होणार नाय," राजरत्न म्हणाला. "सोसायटीला सांगा, आज पास द्या, आज लिफ्ट घ्या."

"लिफ्ट नको. माणसं द्या. चार."

"कशाने गेल्या?" मालनने विचारलं.

विनीत जमिनीकडे बघत राहिला. "वय झालं होतं. आणि तीन दिवस एसी नव्हता."

राजरत्न उठून उभा राहिला. "म्हणजे आम्ही मारलं? आमच्या पोरांच्या हाडांचं पाणी होतंय ते कोणाला दिसलं नाय?"

"मी तसं म्हटलं नाही रे."

"गप रव, राजा," नाना म्हणाले. "मयताक नाय म्हणूचा नसता. चाळीत आमचा आणि तुझ्या आज्याचा बोलणा नव्हता, तरी माझ्या बापाशीक खांदो त्येनाच दिल्यान."

सगळे मालनकडे बघू लागले. पंपांवर लागण्याआधी मालनने विनीतच्या घरी पाच वर्षं स्वयंपाक केला होता. तिचा कप वेगळा असायचा, सिंकच्या खाली, फिनेलच्या बाटलीजवळ. बाई वाईट बोलायच्या नाहीत. कप मात्र शेवटपर्यंत तिथेच राहिला. मालनला हे सगळं आठवलं आणि तरी त्या गरम खोलीत एकटी पडलेली म्हातारी डोळ्यांपुढून हटेना.

"जा," ती म्हणाली. "पण चौघंच. बाकी कोणी जागचं हलायचं नाही."

राजरत्नच पहिला निघाला.

खाली येईपर्यंत त्यांचे खांदे सोलवटले होते. विनीतला मडकं कसं धरायचं ते ठाऊक नव्हतं; नानांनी त्याची बोटं दोरीत अडकवून दिली. मागच्या गेटाला जायची वाट उतारावरूनच होती. मयत समोरून निघाली तसे बसलेले सगळे उठले. दारावरून मयत गेली की उठायचं, चार पावलं सोबत करायची, हे चाळीत कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. चार पावलं गेटापर्यंत झाली. गेटावर कळलं की शववाहिनी वाट बघून निघून गेली आहे. मयतीमागे घरचा माणूस एकच. मग भोईवाड्याच्या स्मशानापर्यंत खांदे बदलायला माणसं नकोत का?

"अरे, बसा! खाली बसा!" मालन जाळीला तोंड लावून ओरडली. "राजा! नाना!"

राजरत्नने मागे वळून पाहिलं. त्याला रिकामा उतार दिसला असणार, पलीकडून येणारे सिक्युरिटीवालेही दिसले असणार. पण त्याच्या खांद्यावर मयत होती. ती रस्त्यात टाकून कोणी पळत नाही. त्याने मान पुढे वळवली.

दार कापायला फार वेळ लागला नाही. मालनला दोघांनी उचलून बाहेर ठेवलं, काही न बोलता, गॅसची टाकी ठेवावी तसं. मेन वर गेला. पंप सुरू झाले आणि पाणी भिंतीतून वर चढू लागलं. संध्याकाळच्या आत बागेच्या दाराला आडवी लोखंडी पट्टी वेल्ड झाली. सेक्रेटरीचा दुसरा निरोप आला : उद्याची बैठक रद्द.

श्रेया उंबऱ्यावर बसून होती. "आई, उद्या जायचं ना वर?"

मालनने तिचे पाय मांडीवर घेतले आणि चोळत राहिली. त्याने काही होत नाही हे तिला माहीत होतं.

अंधार पडता पडता पुरुष भोईवाड्याहून परतले. अंघोळीने ओले केस, ओले कपडे. एकेकाने मनगट गेटाला लावलं. दिवा लालच राहिला. सगळ्यांचेच पट्टे बंद केले होते. मालन आतल्या बाजूने गजांशी जाऊन उभी राहिली. राजरत्न तिच्याकडे बघेना.

"मालन," नाना गजांतून म्हणाले, "परत आत घेतीत गो कधी ना कधी. तवसर आमच्या पायार पाणी तरी घाल. मयतीसून इलंव."

ती घरात गेली, बादली लावली, नळ सोडला. भिंतीतून पाणी वर चढत असल्याचा आवाज येत होता. नळाने नुसती हवा फुंकली.