उशिरा आलेले झाकण

मित्रांनो, मी मिठाची एक जुनी बरणी आहे. माझ्या तोंडावर आज घट्ट लाकडी झाकण आहे. ते पाहून तुम्ही म्हणाल, काय ऐटीत बसली आहे ही! पण हे झाकण उशिरा आले. किती उशिरा, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

मी चिनी मातीची. भट्टीतून निघाले तेव्हा माझा रंग मधासारखा होता आणि अंगावर एक ओरखडाही नव्हता. पेंढ्यात गुंडाळून मला होडीने या बेटावर आणले. उतरवताना होडी हेलकावली आणि माझे झाकण दगडावर पडून फुटले. "असू दे, मिठाला कुठे मुंग्या लागतात!" असे म्हणत शाळेत स्वयंपाक करणाऱ्या काकूंनी मला उचलले आणि चुलीशेजारच्या कट्ट्यावर ठेवून दिले. तिथेच माझी सगळी वर्षे गेली, उघड्या तोंडाने आणि गरम अंगाने.

बेटावरची हवा फार दमट. मिठाला बघता बघता पाणी सुटते. म्हणून इथे घरोघरी मीठ तव्यावर भाजून ठेवतात. ज्या घरचे मीठ मोकळे, ते घर नेटके, असा इथला हिशेब. काकूंचा हात त्यात कोणी धरू शकत नसे. गुरुजी जेवायला बसले की म्हणत, "काकू, तुमचं मीठ म्हणजे नुसती वाळू हो!" काकू हसत, आणि कट्ट्यावर मीही फुगत असे.

काकूंची मुलगी याच शाळेत होती. पायांना चैन नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. शाळा सुटली की ती स्वयंपाकघरात येई, माझ्यात बोट घालून मीठ चाटे आणि पसार होई. पण पुढे पुढे भिंगरी मंदावली. धावायची ती चालू लागली, चालायची ती बसू लागली. पाढा म्हणता म्हणता मध्येच थांबे आणि खिडकीबाहेर बघत राही. तिचा गळा पुढून फुगला. तसे गळे वर्गात आणखीही होते. तरी पोरे तिलाच चिडवत, "भिंगरे, बोर गिळलंस का गं अख्खं?"

मग होडीने नर्सताई आल्या. त्यांनी एकेका मुलाचा गळा चाचपला. त्या म्हणाल्या, "यांच्या जेवणात आयोडीन नाही. इथल्या मातीत नाही, की तुमच्या मिठागरातल्या मिठातही नाही. ते पोटात गेलं नाही तर गळा सुजतो, अंगात त्राण राहत नाही, शिकलेलं डोक्यात टिकत नाही. आईच्या जेवणात नसेल तर पोटातलं बाळ बहिरंही जन्मू शकतं. आजपासून पिशवीतलं आयोडीनचं मीठ वापरा."

सगळ्यांनी ऐकले. काकूंनी तर मिठागरातले उरलेले मीठ त्याच दिवशी फेकून दिले. त्या नवी पिशवी फोडत, मीठ तव्यावर ओतत, खडखडीत भाजत आणि माझ्यात भरत.

वर्ष उलटले. भिंगरीचा गळा तसाच राहिला. गुरुजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाले, "काकू, पोरगी गुणाची आहे. पण वरच्या वर्गात कशी ढकलू? परीक्षेत जमलं नाही, तर घरीच राहू द्या तिला."

ते गेल्यावर काकूंनी भिंगरीचे दोन्ही खांदे धरून तिला गदागदा हलवले. "अगं, मीठ बदललं ना आपण! आता काय बदलू? सांग ना, काय बदलू?" काकूंना तेव्हा दिवस गेले होते. त्या तशाच जड अंगाने चुलीपुढे बसल्या आणि रडू लागल्या. थोड्या वेळाने डोळे पुसून त्यांनी पुन्हा तवा तापत ठेवला आणि त्यावर मीठ ओतले.

मित्रांनो, माझे तोंड सदा उघडे, पण मला बोलता कुठे येते?

परीक्षेआधी नर्सताई पुन्हा आल्या. गळे पाहून त्या चिडल्याच. "खरं सांगा, पिशवीतलं मीठ वापरता की नाही?"

"पोरीची शपथ, ताई. दुसरं मीठ या स्वयंपाकघरात नाही."

ताईंनी एक छोटी बाटली काढली. नव्या पिशवीतल्या चिमूटभर मिठावर त्यांनी थेंब टाकला. मीठ जांभळे झाले. मग माझ्यातली चिमूट घेऊन तिच्यावर थेंब टाकला. ते मीठ पांढरेच राहिले.

"हे कुठलं?"

"त्याच पिशवीतलं. नुसतं भाजून घेतलंय."

ताईंनी चुलीवरच्या तव्याकडे पाहिले. "अहो, ओल आणि आच लागली की आयोडीन उडून जातं. भाजायचं नव्हतं हो. झाकून ठेवायचं होतं. मीही सांगितलं नाही."

काकूंचा हात आपोआप पोटाकडे गेला. "ताई, आणि पोटातल्याचं काय?"

ताई ती बाटली पुसत राहिल्या. पुसण्यासारखे तिच्यावर काही नव्हते.

त्यांनी औषध दिले. सुताराने त्याच दिवशी माझे झाकण घडवले. मला चुलीपासून दूर, कोरड्या फळीवर नेले. भिंगरी सावरते आहे. गळा उतरतो आहे. तिला त्याच वर्गात पुन्हा बसावे लागले, पण ती शाळेत आहे. कधी कधी अंगणात धावतेसुद्धा.

मुलांनो, आज घरी गेल्यावर आधी मिठाकडे बघा. ते उघडे असेल तर झाका. चुलीजवळ असेल तर हलवा. भाजू देऊ नका. भाजी उतरवल्यावर मीठ घाला, असे आईला सांगा. हट्ट करा, रुसून बसा, पण सांगा. मला सांगता आले नाही.

भिंगरीचा भाऊ आता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झोळीत असतो. दिसायला गोंडस आहे. काकू रोज माझ्यातून मीठ घेतात आणि झाकण जोराने आपटतात. टक्! मी हादरते. भिंगरी दचकून वळते. बाळ वरच्या कौलांकडे बघत राहते.

काकू झाकण पुन्हा उचलतात.